कपाटातील फळ्या ढिल्या झाल्या आहेत?

दिवाळीला चार दिवस उरले होते. इंदूरच्या एका मराठी घरात फराळाचे डबे भरून झाले होते आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात नीट रचूनही ठेवले होते. दुपारची वेळ. घरातली मंडळी जरा आडवी झाली होती. तेवढ्यात आतून 'धडाम' असा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी फुटल्याचा आवाज. सासूबाई आणि सून दोघीही धावत आत गेल्या.

सात वर्षांची नात स्टुलाजवळ भेदरून उभी होती. वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा काढण्यासाठी तिने फळीच्या कडेला हात घालून जरा जोर दिला होता. फळी एका बाजूने निसटली, डबे घरंगळले आणि मागे ठेवलेली लोणच्याची चिनी मातीची बरणी थेट खाली आली. मुलगी एका बाजूला सरकली म्हणून वाचली.

"बाळा, कुठे लागलं तर नाही ना?" आजींनी तिला जवळ ओढले.

"आई, ही फळी हलते म्हणून गेले दोन महिने मी यांना सांगतेय," सून काचऱ्या वेचता वेचता म्हणाली, "तर सुतार आला की बघू, एवढंच उत्तर!"

"सुताराची वाट बघता बघता दसरा गेला, आता दिवाळीही जाईल. इतक्याशा कामाला कोण सुतार येतोय?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एका फळीसाठी सुतार येत नाही आणि आलाच तर त्याला शंभर कामे एकदम काढून द्यावी लागतात. म्हणून हे काम राहून जाते. संध्याकाळी घरच्या मालकांनी फळी बाहेर काढून पाहिली तेव्हा कारण लगेच समजले. फळी चार खुंट्यांवर टेकलेली असायला हवी होती. तिथे खुंट्या होत्या तीनच. चौथ्या भोकात कधीकाळी कोणीतरी पेन्सिलीचा तुकडा खुपसून ठेवला होता!

असा पेन्सिलीचा तुकडा, वाकवलेला खिळा किंवा घडी घातलेला पुठ्ठा पुष्कळ घरांतल्या कपाटांत सापडेल. वरवर सगळे ठीक दिसते. फळी पडते तेव्हा मात्र तिच्यावर सर्वांत जास्त सामान असते आणि खाली कोणीतरी उभे असते. खरे म्हणजे ढिली फळी पक्की करणे हे तास-दीड तासाचे काम आहे. त्यासाठी फार हत्यारेही लागत नाहीत.

आधी कारण शोधा

फळी हलते म्हणून लगेच खिळे ठोकायला घेणे ही नेहमीची चूक आहे. प्रथम कप्पा रिकामा करावा, फळी बाहेर काढावी आणि पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

चारही खुंट्या आहेत का? त्या एकाच मापाच्या आणि एकाच उंचीवर आहेत का? फळी डुगडुगत असेल, तर बहुधा एक खुंटी चुकून वरच्या किंवा खालच्या भोकात बसवलेली असते.

खुंटी भोकात घट्ट बसते का? बोटाने हलवून पाहावी. ती खालच्या बाजूला कलत असेल, तर भोक मोठे झाले आहे असे समजावे.

फळी आखूड आहे का? फळीची लांबी मोजावी. नंतर कपाटाची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. फळी आतल्या रुंदीपेक्षा २ ते ३ मिलिमीटर लहान असणे योग्यच असते, नाहीतर ती आत जाणार नाही. फरक त्याहून जास्त असेल, तर मात्र धोका आहे. समजा, खुंटी ८ मिलिमीटर बाहेर आली आहे आणि फळी ६ मिलिमीटर आखूड आहे. फळी एका बाजूला सरकली की दुसऱ्या टोकाला तिला फक्त २ मिलिमीटरचा आधार उरतो. डबा ओढताना बसलेला एक हिसका तेवढा आधार घालवायला पुरतो.

मधली रुंदी वरच्या आणि खालच्या रुंदीपेक्षा जास्त भरली, तर दोष फळीचा नाही. कपाटाच्या बाजू बाहेर फुगल्या आहेत. अशा वेळी कपाटाची पाठ तपासावी. पाठीचा पातळ पत्रा किंवा प्लाय खिळ्यांमधून सुटला की बाजूंना धरून ठेवणारे काही राहत नाही.

फळी वाकली आहे का? तिच्या लांबीवर पट्टी किंवा ताणलेला दोरा धरला की वाक लगेच दिसतो.

शेवटी कपाट सरळ उभे आहे की नाही, तेही पाहावे. पाणसळ नसली तर अर्धी भरलेली पारदर्शक बाटली आडवी ठेवावी. पाण्याची रेघ कोणत्या बाजूला झुकते ते कळते. फरशी उंचसखल असेल, तर कपाट तिरपे होते, दारे लागत नाहीत आणि फळ्याही खडखडतात. पायाखाली लाकडाची किंवा रबराची चकती घातली की अर्धे दुखणे तिथेच संपते.

खुंट्या बदलणे

प्लाय किंवा पार्टिकल बोर्डाच्या तयार कपाटांत फळ्या वरखाली करता याव्यात म्हणून भोकांच्या रांगा असतात. अशा कपाटांत बहुतेक वेळा भोक ५ मिलिमीटर व्यासाचे आणि दोन भोकांमधले अंतर ३२ मिलिमीटर असते. सुताराने घरी बनवलेल्या कपाटात माप वेगळे असू शकते. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुनी खुंटी खिशात टाकून न्यावी. नुसत्या अंदाजाने आणलेली खुंटी एक तर आत जात नाही किंवा आत सैल राहते.

प्लॅस्टिकच्या खुंट्या हलक्या सामानाला चालतात. पण डबे, पुस्तके, काचेची भांडी ठेवायची असतील, तर धातूच्याच घ्याव्यात. त्यातही ज्यांना फळी टेकण्यासाठी चपटी जीभ आणि जिभेला स्क्रूचे भोक असते, त्या सर्वांत चांगल्या. खालून एक छोटा स्क्रू फळीत पिळला की फळी सरकतही नाही आणि पुढून दाब आला तर उचललीही जात नाही. स्क्रू मात्र फळीच्या जाडीपेक्षा आखूड हवा, नाहीतर त्याचे टोक वर येऊन हाताला लागेल.

भोक मोठे झाले असेल तर

वर्षानुवर्षे वजन पेलून भोक लांबट होते. लाकडी किंवा प्लायच्या कपाटात यावर सोपा इलाज आहे. बांबूची किंवा सागाची बारीक काडी भोकाच्या मापाची तासून घ्यावी. भोकातला भुसा झटकून त्यात फेविकॉलसारखा लाकडाचा डिंक घालावा आणि काडी आत ठोकावी. डिंक रात्रभर सुकू द्यावा. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेले टोक पटाशीने किंवा धारदार सुरीने कापून पृष्ठभाग साफ करावा. मग त्याच जागी ५ मिलिमीटरच्या ड्रिलने नवे भोक पाडावे.

भोक आरपार जाऊ नये म्हणून एक युक्ती आहे. बाजूची फळी १८ मिलिमीटर जाड असेल, तर ड्रिलच्या टोकापासून १० ते १२ मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचे.

पार्टिकल बोर्ड हा लाकडाचा भुगा दाबून केलेला असतो. त्याचे भोक एकदा भुसभुशीत झाले की काडी धरत नाही. तिथे दोन पुड्या मळून लावायची इपॉक्सी लांबी भरावी. ती पूर्ण कडक झाल्यावरच भोक पाडावे. बोर्ड पाण्याने फुगला असेल, तर मात्र दुरुस्तीत वेळ घालवू नये. अशा बोर्डात खुंटी टिकत नाही. तिथे पुढे सांगितलेली पट्टी लावणेच बरे.

फळी आखूड असेल तर

लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. म्हणूनच मुंबई-कोकणच्या दमट हवेत बेताने बसलेली फळी दिल्ली किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सैल वाटू लागते. बदलीच्या नोकरीत घरोघर फिरणाऱ्या कपाटांचे हे दुखणे तर ठरलेलेच. भरीव लाकडाच्या फळीत हा बदल जास्त दिसतो, प्लायमध्ये कमी.

कपाटाच्या बाजू फुगल्या असतील, तर आधी त्या जागेवर आणाव्यात. कपाट भिंतीपासून पुढे ओढावे. दोन्ही बाजू आत दाबून दोरीने आवळून धराव्यात. मग पाठीचा प्लाय साधारण सहा-सहा इंचांवर बारीक स्क्रूने पुन्हा पक्का करावा. हे काम दोघांनी मिळून करावे. आवळण्यापूर्वी कपाटाचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे भरले म्हणजे कपाट गुण्यात आहे.

बाजू सरळ असूनही फळी आखूड असेल, तर फळीच्या एका टोकाला हव्या त्या जाडीची लाकडी पट्टी डिंक आणि बारीक खिळ्यांनी चिकटवावी. पट्टी सुकल्यावर पॉलिश पेपरने घासून घेतली की जोड हाताला लागत नाही. फळी सात-आठ मिलिमीटरहून अधिक आखूड असेल, तर नवी कापून घेणेच शहाणपणाचे.

सर्वांत भरवशाची लाकडी पट्टी

फळी वरखाली करण्याची गरजच नसेल, तर खुंट्यांचा नाद सोडून दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकाव्यात. जुन्या घरांतल्या भिंतीतल्या कपाटांत फळ्या अशाच पट्ट्यांवर टेकलेल्या असत आणि पिढ्यान्‌ पिढ्या टिकत.

एक इंच रुंद आणि अर्धा इंच जाड पट्टी पुरते. तिची लांबी फळीच्या खोलीपेक्षा इंच-दीड इंच कमी ठेवावी. म्हणजे ती समोरून दिसत नाही आणि दाराच्या बिजागरीलाही अडत नाही. आधी एका बाजूची पट्टी पेन्सिलीने आखून बसवावी. फळी तिच्यावर टेकवून पाणसळीने दुसऱ्या बाजूची रेघ आखावी. दोन्ही बाजू तळापासून मोजून आखल्या आणि तळच तिरका असला, तर फळीही तिरकीच बसेल.

प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू लावावेत. अर्धा इंच पट्टी आणि १८ मिलिमीटरची बाजू असेल, तर २५ मिलिमीटरचा म्हणजे एक इंची स्क्रू योग्य. तो बाजूत अर्धा इंच शिरतो, पण पलीकडे निघत नाही. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर पट्टी चिरते. शेवटी पट्टीच्या खालून प्रत्येक टोकाला एकेक स्क्रू फळीत पिळावा. आता मुलाने फळीला धरून ओढले तरी ती सुटून हातात येणार नाही.

हीच पट्टी मागच्या बाजूलाही लावली, तर फळीला तीन बाजूंनी आधार मिळतो. मात्र कपाटाची पाठ पातळ असेल, तर तिच्यात स्क्रू धरत नाहीत. तिथे मागची पट्टी बाजूच्या दोन पट्ट्यांना जोडावी.

फळी मधोमध वाकत असेल तर

वाकलेली फळी टोकांना आत ओढली जाते आणि खुंट्यांवरून घसरते. म्हणून वाक हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. फळीची लांबी दुप्पट केली आणि मधोमध तेवढेच वजन ठेवले, तर ती दुप्पट नव्हे, आठपट वाकते. उलट, जाडी वाढवली तर फायदाही तसाच मोठा असतो. त्याच लांबीची आणि त्याच प्रकारची १२ मिलिमीटरची फळी काढून १८ मिलिमीटरची घातली, तर वाक एक तृतीयांशाहून कमी होतो.

एक फूट लांबीत उभ्या लावलेल्या पुस्तकांचे वजन सहज ८ ते १० किलो भरते. म्हणजे तीन फुटांच्या एका फळीवर पंचवीस-तीस किलो! अशा फळीला मध्ये एक उभा आधार हवाच. खालच्या फळीवर टेकलेला, तेवढ्याच उंचीचा प्लायचा तुकडाही चालतो. तसा आधार नको असेल, तर फळीच्या पुढच्या कडेला खालून दीड इंच रुंदीची लाकडी पट्टी उभी करून डिंक आणि स्क्रूने लावावी. फळी बरीच ताठ होते. प्लायची नवी फळी कापून घेताना वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने याव्यात, हे दुकानदाराला आवर्जून सांगावे.

थोडा वाक असलेली प्लायची फळी उलटी करून घालता येते. पार्टिकल बोर्डाची फळी मात्र सततच्या वजनाने कायमची वाकते. ती उलटी केली तरी काही महिन्यांत पुन्हा तशीच होते.

काचेच्या आणि लोखंडी फळ्या

शोकेसमधल्या काचेच्या फळ्यांना स्क्रू लावता येत नाही. त्यांच्या खुंट्यांना रबराची टोपी किंवा पारदर्शक मऊ ठिपका लावावा. काच घसरत नाही आणि धातूला घासून तिची कड उडत नाही. कडेला टवका गेलेली किंवा तडा गेलेली काच लगेच काढून टाकावी. नवी घेताना टफन्ड काच घ्यावी. ती फुटली तरी तिचे मोठे सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक, बोथट तुकडे होतात. मात्र ती एकदा तयार झाली की कापता येत नाही. तेव्हा माप दोनदा घेऊनच सांगावे.

लोखंडी कपाटात फळ्या पत्र्याच्या क्लिपांवर किंवा नटबोल्टवर असतात. क्लिपेची जीभ वाकली असेल, तर पक्कडीने सरळ करण्यापेक्षा क्लिप बदलावी. एकदा वाकलेला पत्रा पुन्हा लवकर वाकतो. नटबोल्ट ढिला झाला असेल, तर नटाखाली वॉशर घालून आवळावा. गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासून त्यावर गंजरोधक रंगाचा हात द्यावा.

भाड्याचे घर असेल तर

कपाट घरमालकाचे असेल, तर न विचारता भोके पाडू नयेत. अशा वेळी योग्य मापाच्या नव्या खुंट्या आणि फळीखाली खुंटीच्या जागी रबराचे पातळ ठिपके एवढ्यानेही पुष्कळ काम होते. फळी बाजूला सरकत असेल, तर फट भरेल एवढ्या जाडीचा कडक पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा दोन्ही टोकांना सारखा बसवावा. घर सोडताना ते काढून घेता येते.

सामान हलवण्यापूर्वी प्रत्येक फळीच्या मागे खडूने तिचा क्रमांक लिहावा आणि सगळ्या खुंट्या एका पिशवीत घालून ती पिशवी कपाटाच्या आत चिकटवून टाकावी. हरवलेल्या खुंटीच्या जागी पेन्सिलीचा तुकडा येतो तो बहुधा अशाच एखाद्या बदलीच्या वेळी.

सामान कसे ठेवावे

जड वस्तू नेहमी खालच्या फळीवर आणि हलक्या वर ठेवाव्यात. वजन फळीच्या मधोमध न साठवता दोन्ही टोकांकडे ठेवावे. पुढच्या कडेवर जड डबा ठेवला, तर फळी पुढे कलण्याची भीती असते. लहान मुलांना हवी असणारी वस्तू त्यांच्या हाताला येईल अशाच ठिकाणी असावी, म्हणजे ती वर चढणार नाहीत.

उंच कपाट वरच्या बाजूला लोखंडी काटकोनाने भिंतीला जखडून टाकावे. भिंतीत भोक पाडून प्लॅस्टिकचा प्लग ठोकावा आणि त्यात स्क्रू पिळावा. १९९३ मध्ये किल्लारीला आणि २००१ मध्ये भूजला भूकंपाने काय केले, ते देशाने पाहिले आहे. कपाटे आणि मांडण्या भिंतीला पक्क्या करा, जड सामान खाली ठेवा, असा सल्ला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही देते. आणि भूकंप झाला नाही तरी उघड्या दाराला लोंबकळणारे मूल प्रत्येक घरात असतेच.

दुरुस्ती झाल्यावर लगेच सामान भरू नये. डिंक किंवा लांबी पूर्ण सुकू द्यावी. मग फळीची पुढची कड हाताने खाली दाबून, वर उचलून आणि दोन्ही बाजूंना ढकलून पाहावी. ती जराही हलली नाही, तरच डबे चढवावेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडी, साफसफाई करताना प्रत्येक खुंटी हलवून पाहिली की पुरे.

इंदूरच्या त्या घरात त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पट्ट्या आणि डझनभर स्क्रू आले. सासूबाईंनी बॅटरी धरली, सुनेने पाणी भरलेली बाटली आडवी ठेवून रेघ आखली आणि मुलाने स्क्रू पिळले. जेवणाची पाने मांडायच्या आत फळी पक्की झाली. लोणच्याची बरणी गेली ती गेलीच. मात्र लाडवांचा डबा आता सर्वांत खालच्या फळीवर असतो.

"म्हणजे आता मला विचारायलाच नको ना आजी?" नातीने लगेच विचारले.

"विचारायचं तर आहेच," आजी म्हणाल्या, "पण चढायचं मात्र नाही!"